तीन विहिरींच्या रेघा

पाबळला कॉम्प्युटर शिकत होते तेव्हा एक प्रश्न मला छळायचा. पहिली रेघ लाल, दुसरी हिरवी, तिसरी निळी, हे ठरवतं कोण? आलेख काढायचं ते सॉफ्टवेअर काही विचारत नसे, परस्पर रंगवून मोकळं होई. आमच्या गावातल्या तीन विहिरींचं पाणी मी दर महिन्याला दोरी सोडून मोजत होते. ग्रामपंचायतीला त्याचा आलेख हवा होता, कारण नवी बोअर कुठं घ्यायची ते त्यावरून ठरणार होतं.

पहिला कागद घेऊन गावात गेले आणि फसले. गावठाणाच्या विहिरीची रेघ लाल होती, त्यावर कुणी काही बोललं नाही. पण बौद्धवस्तीची हिरवी आणि आमच्या मोहल्ल्याची निळी! मोहल्ल्यातले चाचा कागद उलटसुलट करत म्हणाले, "ही अदलाबदल तू केलीस का मशीननं?" वस्तीतल्या मावशी तर कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. "आमची निळी पायजे. त्यात इचारायचं काय?" मशीनला कसली जात नि कसला धर्म, असं म्हणणार होते, पण मला हसूच आवरेना.

मग मी हट्टाला पेटले. जाडजूड मॅन्युअल काढून बसले. सॉफ्टवेअरला द्यायच्या आज्ञेच्या शेवटी एक अंक बदलला की रंग बदले, दुसरा बदलला की रेघ जाड होई, तिसऱ्यानं तुटक. कामापुरतं कळलं तरी उठवेना. दुपारभर नुसत्या रेघा नटवत बसले, डबा तसाच राहिला.

नवा कागद आधी मावशींना दाखवला. त्या खूश झाल्या. मग म्हणाल्या, "निळी सगळ्यात वर कशी गं?"

"रेघ जितकी वर, तितकं पाणी जास्त. तुमच्या विहिरीला सगळ्यात जास्त आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी बोअर आमच्यातच घेत्याल. आन् आमची हीर आटंल." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. मग हळूच म्हणाल्या, "रंग काढ पोरी. कुणाची कंची ते कळाया नको."

मला राग आला, कुणाचा ते सांगता येईना. पण त्यांची भीती खोटी नव्हती. मी तिन्ही रेघा काळ्या केल्या, एका जाडीच्या, आणि विहिरींची नावं काढून टाकली.

ग्रामसभेत सरपंचांनी कागद वर धरला. "ह्यातली कुणाची कंची?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी उठल्या. "त्यात काय वळखायचं? सगळ्यात खालची आमची."

माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. चारी बाजूंनी माना डोलल्या. "व्हय, ते तर दिसतंयच. आन् वरची गावठाणाची," सरपंच म्हणाले, आणि बोअर गावठाणात घ्यायचं ठरलं.