मधला रुमाल

कपाट उघडलं आणि कापराचा वास आला, की मला आमच्या गावच्या वैद्यांचा रुमाल आठवतो. धरणगावच्या बाजूला आमचं गाव. बौद्धवाड्यात आले की वैद्य आधी रोग्याच्या मनगटावर कापराच्या वासाचा रुमाल पसरायचे आणि त्यावरूनच नाडी बघायचे. माझ्या आईचीही तशीच बघितली, "साधा ताप शे," म्हणाले, आणि चौथ्या दिवशी आई गेली. पुढे नव्वदच्या दशकात मी जळगावात सोनोग्राफी करायला लागले, तेव्हा त्याच वैद्यांना मुलगा माझ्यासमोर घेऊन आला. कानशील ठणकत होतं, एका डोळ्यापुढे अंधारी येत होती; कानशिलातली शीर सुजलेली असेल तर डोळा जाणार होता. मी त्यांना आईचं नाव सांगितलं. मग त्यांच्याच खिशातला रुमाल काढून मी कानशिलावर टाकला आणि वर मशीन टेकवलं. पडदा काळाकुट्ट. "बघा आबा, रुमालातून मशीनलाही काही दिसत नाही. तुम्हाला माझ्या आईचं काय दिसलं होतं?" ते पुटपुटले, "बेटी, रुमाल काढ, मना डोया जाई." मी सावकाश काढला, गार जेली लावली. शिरेभोवती सुजेचं काळं कडं स्पष्ट दिसलं. खरा रिपोर्ट लिहिला, औषध वेळेवर मिळालं, डोळा वाचला. लोक म्हणतात, मी मन मोठं केलं. कसलं मोठं मन! जगतील तोवर त्यांना माझं तोंड दोन्ही डोळ्यांनी दिसावं, एवढंच मला हवं होतं.