बासरी कुठल्या बाजूला

"सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे आतल्या कानाने किंवा नसेने अचानक काम सोडणं. मग विचारलं, "किती दिवस झाले?"

सतरा. पहिल्या दोन-तीन दिवसांत आले असते तर आशा जास्त होती, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे.

मी चाळिशीची बाई, लालबागच्या चाळीत राहते आणि संध्याकाळी होडीतून बेटं शोधायचा व्हिडिओ गेम खेळते. हसा खुशाल. त्या गेमचं संगीत मला पाठ आहे. लाटांवर संथ गिटार, आणि बेट ज्या बाजूला असेल त्या कानात बासरी. बाण नाही, पाटी नाही. संगीत रचणाऱ्याने खेळणाऱ्याच्या कानांवर एवढा विश्वास टाकलाय, याचंच मला कौतुक.

एका सोमवारी उजवीकडची बासरी आलीच नाही. मी हेडफोनला शिव्या घातल्या. उलटे घातले, तर बासरी डाव्या कानात स्वच्छ.

बाबा म्हणाले, "दडे बसले आसतले. सुटतले."

बाबा संपापर्यंत गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात होते. त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाही. आमच्याकडे केस पिकतात तसा कान जातो. त्याला आजार कोण म्हणणार? सगळं घर ओरडून बोलतं. म्हणून मी थांबले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने कानात न बघताच थेंब दिले, ते मुकाट्याने घातले. त्याचा राग आहे, पण माझा स्वतःचा जास्त.

सतराव्या दिवशी त्या डॉक्टरबाईंकडे, परळच्या रुग्णालयात ऑडिओमेट्री झाली. बंद खोलीत हेडफोन लावायचे, आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी मी नुसती बसून राहिले. मग स्टेरॉइडच्या गोळ्या, कानाच्या पडद्यातून तीन इंजेक्शनं. प्रत्येक वेळी बाबा बाहेर बाकावर.

तिसऱ्या खेपेला बाईंनी आपणहून त्यांचेही कान तपासले आणि मोठ्याने विचारलं, "आजोबा, गिरणीत कधी तपासले नव्हते?"

"कान कोण बघता, बाई? साचो बघूक जॉबर, मुकादम आमचो, रोज येय."

बाबा हसले. मला हसू आलं नाही. संपावर लोक बोलले, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरवर बोलले. या माणसाचे कान कुणाच्या हिशेबातच नव्हते. मुलगी असून माझ्याही नाही.

उजव्या कानाला आता बसचं इंजिन कळतं, बासरी नाही. हेडफोन काढून स्पीकर लावले, तर डाव्याला ती ऐकू येते, पण कुठल्या बाजूने येते ते समजत नाही. पहिल्या दिवशी मी बेटाच्या उलट दिशेला गेले आणि रडले.

दडे म्हणून थांबू नका. कान अचानक बंद झाला तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. त्या बाईंची मी ऋणी आहे. राग मात्र गेलेला नाही.

आता हेडफोन नाहीत. दोन स्पीकर, आवाज पूर्ण वाढवलेला, दोन्हींवर बाबांचे तळवे. माग बिघडला की हाताला आधी कळायचं, असं ते म्हणतात. बासरी सुरू होते, मी त्यांच्या तोंडाकडे बघते.

"हयसून इली," म्हणत ते उजवा हात हलवतात. मी होडी वळवते.