गायी बघायला युरोपात

युरोपच्या लोकसंस्कृतीविषयी मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी एकाएकी जिज्ञासा उत्पन्न झाली, कारण आमची बायको तिकडं गेली होती.

आमची लेक शीतल जर्मनीत असते. तिच्या बाळंतपणाला आई हवी, म्हणून सुमन मेअखेरीस तीन महिन्यांच्या व्हिसावर निघाली आणि मी आमच्या कडा गावातल्या घरात एकटा राहिलो. जाताना म्हणाली, "तीन महिने तर हायेत. कवा गेले कळणार न्हाई." मलाही तसंच वाटलं होतं. तसं मी तिच्याशी फार कधी बोलत नसे. पण न बोलायलासुद्धा घरात समोर कुणीतरी लागतं, हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं!

घर खायला उठलं. कुलूप काढून आत शिरलो की आवाज फक्त माझ्याच चपलांचा. भाजीवालीशी उगाच घासाघीस करत बसायचो, तेवढीच दोन वाक्यं कानावर पडतात म्हणून. (एकदा कोथिंबिरीवरून भांडणही काढलं. ती लगेच जुडी देऊन मोकळी झाली. फार वाईट वाटलं.) संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन बाकड्यावर बसायचो. एक कंडक्टर रोज विचारायचा, "तात्या, कुठं जायचं?"

"कुठंच न्हाई."

"मग बसा निवांत."

दिवसभरात माझ्याशी सगळ्यात मायेनं बोलणारा माणूस तोच!

सुमनचा रोज फोन यायचा. "जेवलात का?" "हो." "नात लई गुणाची हाय." "बरं." "ठेवू का?" "ठेव." 'मला करमंना' हे दोन शब्द घशापर्यंत यायचे आणि तिथंच बसकण मारायचे. आमच्या खानदानात कुणा पुरुषानं बायकोला असलं काही म्हटलेलं नाही. आमच्या वडलांना आईला माहेराहून बोलवायचं असलं की ते 'म्हैस दुसऱ्याच्या हाताला दूध देईना' असा निरोप धाडायचे. आमची म्हैस मी केव्हाच विकली होती. त्यामुळं मला दुसरं कारण शोधणं भाग होतं.

"कारण कशाला पायजे बे?" माझा बालमित्र नामदेव म्हणाला. "सरळ सांग, करमंना, मी येतो म्हनून."

"लोक काय म्हणतील?"

"लोकाला तेवढाच धंदा हाय का?" (हा माणूस स्वतः बायको माहेरी गेली की आजारी पडतो.)

मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. तिकडचे लोकही आपल्यासारखेच हंगामावर चालतात असं दिसलं. फुलांचा उत्सव वेगळा, द्राक्षांचा वेगळा, नाताळचा बाजार वेगळा. एका व्हिडिओत तर उन्हाळाभर डोंगरावर चरलेल्या गायी डोक्यावर फुलांचे मुकुट आणि गळ्यात ह्या एवढाल्या घंटा घालून गावात उतरत होत्या. थेट आपला पोळाच की! मी लगेच शीतलला फोन लावला आणि छाती पुढं काढून म्हणालो, "मला युरोपचं लोकजीवन अभ्यासायचंय. विशेषतः तो गायींचा उत्सव!"

"बाबा, तुम्ही?" ती गहिवरलीच. "तारखांचं सगळं माझ्यावर सोडा!"

सोडलं! कारखान्याच्या शेतकी खात्यात जन्मभर लोकांच्या उसाच्या तोडीच्या तारखा लावल्या, आणि स्वतःच्या उत्सवाची तारीख विचारायची राहिली. आठवड्याभरानं तिकीट आलं ते सप्टेंबरचं! गायी थंडी पडायच्या आधी उतरतात म्हणे. आणि सुमनचा व्हिसा ऑगस्टअखेर संपत होता.

"म्हणजे मी यायचं अन् तुमी जायचं?" सुमननं फोनवर विचारलं.

"तसंच दिसतंय."

"गायीसाठी?"

"म्हणजे... संस्कृती..."

"बरं."

हे 'बरं' बायकोच्या तोंडून ज्यानं ऐकलंय, त्यालाच त्याचं वजन ठाऊक!

तिकीट रद्द करायला सांगावं म्हणून घराबाहेर पडलो, तर चौकात माझा फ्लेक्स! भाच्याच्या लग्नातला फेटेवाला फोटो, मागं बर्फाचे डोंगर, आणि खाली 'युरोप अभ्यासदौऱ्यास हार्दिक शुभेच्छा. समस्त मित्रमंडळ.' समस्त मित्रमंडळ म्हणजे एकटा नामदेव. आता माघार घ्यायची सोयच राहिली नव्हती.

सुमन आली. तिच्या तोंडाकडं धड बघायच्या आत शाल-नारळवाले दारात हजर! मी निघेपर्यंत घरात नुसते सत्कार चालले आणि ती मुकाट चहा करत राहिली. माझी बॅग भरताना एवढंच म्हणाली, "स्वेटर वर ठेवलाय. गायीला म्हणावं, मी विचारलंय."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "मोजे ठेवलेस का?"

तिकडं जावईबापूंनी मला हौसेनं त्या डोंगराखालच्या गावात नेलं. गायी खरंच देखण्या होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना म्हातारे-म्हाताऱ्या एकमेकांचा हात धरून उभ्या होत्या. माझ्या हातात स्वेटर. एवढ्या गर्दीत 'ती बघ, ती काळी कशी ऐटीत चालली' असं सांगायला मला कुणी नव्हतं. मला एकदम भडभडून आलं. पलीकडची एक आजीबाई येऊन माझी पाठ थोपटायला लागली. गायी बघून इतका भारावलेला माणूस तिनं कधी पाहिला नसावा! जावईबापूंचाही तोच समज झाला. त्यांनी माझा फोटो काढला आणि 'बाबा भावुक' असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला.

लगेच सुमनचा व्हिडिओ कॉल. "रडायलात का?"

"न्हाई, डोळ्यात धूळ गेली."

"तिथं कुठली धूळ? मी राहून आले. खरं सांगा."

मग मात्र माझा बांध फुटला. "मला करमंना गं तुझ्याबिगर!"

"काय? घंटा वाजायल्यात, काय ऐकूच येईना!"

इथं मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "तुझ्याबिगर करमंना! तू गेल्यापासून करमंना! गायी गेल्या खड्ड्यात!"

मग ती हळूच म्हणाली, "मला तरी कुठं करमत होतं तिथं? रोज वाट बघायचे, आज तरी 'ये' म्हणताल म्हणून. एकदाबी म्हणला न्हाईत." पदरानं डोळे टिपले. "या आता लौकर."

"येतो," मी म्हणालो.

एवढ्यात फोनमधून नामदेव खेकसला, "आरं, नाक पूस बे! लई मोठं दिसायलंय!" युरोपच्या गायी बघायला अख्खी आळी आमच्या घरात जमली होती, आणि त्या गाढवानं सुमनचा फोन आमच्या टीव्हीला जोडून दिला होता!

परत आल्याला आता वर्ष होत आलं. तिकडच्या चालीरीतींवर मी सलग तासभर बोलू शकतो, पण कड्यात मला त्यातलं अक्षरही कुणी विचारत नाही. भेटेल तो, अगदी शेंबडं पोरगंसुद्धा, एकच विचारतं, "काय तात्या, करमतंय का आता?"