मधल्या माणसाच्या हातातलं पातं

बसवंत कमते आणि मी यांच्यात एकच भिंत, आणि तीही ठेकेदाराने सिमेंट वाचवून बांधलेली. बंगळूरच्या दासरहळ्ळीतल्या आमच्या ओळीत कुणाचं काही लपून राहत नाही. राहिलंच तर मी आहे. तरी बसवंताची एक गोष्ट मी दीड वर्ष पोटात ठेवली होती. मला ओळखणाऱ्या कुणालाही हे खरं वाटणार नाही.

बसवंत निपाणीकडचा. बाविसाव्या वर्षी बंगळूरला आला, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत नरसिंहरावांच्या छोट्या कारखान्यात लेथवर उभा राहिला, तो एकोणीस वर्षं उभाच. लोखंडाचा दांडा गरगर फिरवून तासायचा, आणि किती तासला ते मोजण्याआधी बोटाने सांगायचा. घरी भाकरी वाढली तरी आधी कड चाचपणार. त्याची बायको ठकुबाई म्हणायची, "खायाची हाय ती, मापायची न्हाई."

गोष्ट अशी की त्याचे कान गेले होते. उजवा पुरता, डावा निम्मा. मला कसं कळलं? माझ्या विनोदांवर तो इतरांची तोंडं बघून हसायचा. आधी वाटलं, विनोद पडतायत. कान पडलेत हे लक्षात आल्यावर मला हायसं वाटलं. तसं मी त्याला बोलूनही दाखवलं, आणि त्याच संध्याकाळी ठकुबाई वाडगाभर झुणका घेऊन दारात उभी.

"भावजी, कुणाजवळ बोलू नगासा. मालकांचा नेम ठाऊक हाय की तुमास्नी."

ठाऊक होता. हाक ऐकू न आल्यामुळे मागे एका कामगाराची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून नरसिंहरावांचा नेम : ज्याला ऐकू येत नाही त्याने मशीनवर उभं राहायचं नाही, पॅकिंगला बसायचं. "मग मलाच खोक्यात घालून पाठवा गावाकडं," असं बसवंत एकदा म्हणाला होता. हसत म्हणाला, पण भाकरी तशीच टाकून उठला.

हे चौऱ्याण्णव सालचं. पीण्यातल्या काही मालकांनी मिळून एक सायकलफेरी काढली, आणि साधी काढतील तर ते मालक कसले. येलहंका ते देवनहळ्ळीचा किल्ला. प्रत्येक कारखान्याचे पाच जण, एकामागे एक, आणि पाचही जण शिवणकामाच्या एकाच दोऱ्यात ओवलेले. प्रत्येकाच्या डाव्या मनगटाला एक वेढा, दोघांमध्ये आठ फूट दोरा. नऊच्या आत अखंड दोऱ्यासकट पोचायचं. मागचा रेंगाळला तर दोरा तुटतो, घाई केली तर चाकात जातो. लग्नात गाठ मारून चालतात त्यातलाच प्रकार, फक्त इथे समोरून हैदराबादच्या लॉऱ्या येतात.

प्रत्येक चमूमागे पंक्चरचं सामान घेऊन एक स्कूटर. आमची नरसिंहराव चालवणार, मागे पेटी मांडीवर घेऊन त्याच कारखान्यात कामाला असलेला मी. नरसिंहराव इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की कुठे काय संपतं कळत नाही.

येलहंक्याला सकाळी साडेसहाला दोरा ओवून झाला. सगळ्यांत पुढे फोरमन गुरुराज, मग अवधूत, मधे बसवंत, मागे योगीराज आणि परसू. गुरुराजने दाढीचं अर्धं पातं काढलं, एका कडेला चिकटपट्टी गुंडाळली आणि बसवंताच्या हँडलला खोचलं.

"धोका दिसला की मी 'तोड' म्हणणार. बसवंतने दोन्ही बाजूंचा दोरा कापायचा. बाकी कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांनी हिसके दिले तर सगळेच पडाल. कारखान्यात स्विचवर एकाचाच हात असतो, इथंही तसंच."

"सरी, ठीक आहे," नरसिंहराव म्हणाले. "आणि बसवंतइतका भरवशाचा हात दुसरा नाही."

मी पंप दाखवायच्या निमित्ताने बसवंताच्या डाव्या कानाशी गेलो.

"ते पातं दुसऱ्याला दे."

"कारण काय सांगू?"

"हात दुखतो म्हण."

"हात दुखतो म्हटल्यावर उद्या लेथवर कोण उभा करंल?"

"मग मी सांगून टाकू?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "सांगा. तोंड तुमचं, पोट माझं."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सांगण्यासारखं खरंखुरं काही होतं, आणि मी तोंड मिटून स्कूटरवर बसलो.

सुरुवातीचे काही मैल बरे गेले. पाच घंट्या, पाच टोप्या, आणि मधे तो दोरा, ऊन पडलं तरच दिसणारा. गुरुराज "खड्डा" म्हणायचा, मागचे तोच शब्द आणखी मागे द्यायचे. बसवंत अवधूतची पाठ बघून हँडल वळवायचा. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी सारखी दोऱ्यावर टेकलेली.

"बघा, बघा," नरसिंहराव खूश होऊन म्हणाले, "लेथवरचा जॉब चाचपतो तसा दोरा चाचपतोय." थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्ही आज इतके गप्प का? स्वल्प बोला की, मला झोप येते."

मी म्हटलं, घसा बसलाय. रस्ता दोन गाड्यांपुरता, कडेला लाल मातीची उतरंड, पलीकडे द्राक्षांचे मांडव. प्रत्येक लॉरी गेली की दोरा वाऱ्याने पोट फुगवायचा आणि मी पेटी घट्ट धरायचो. मी ठरवलं, पुढच्या मैलाच्या दगडाला बोलायचं. तो गेला. मग ठरवलं, त्याच्या पुढच्याला. लेथ गेला तर माणूस जिवंत राहतो, हे मला कळत होतं. पण ते बसवंताला कोण पटवणार, आणि ठकुबाईच्या दारावरून मी रोज कसा जाणार?

देवनहळ्ळी सात-आठ किलोमीटर राहिली असेल. समोरून एक बस येत होती. तिच्या मागून एक लॉरी बाहेर निघाली आणि बसला मागे टाकायला सरळ आमच्या बाजूला आली.

"तोड," गुरुराज ओरडला आणि ब्रेक दाबून डावीकडे वळला.

बसवंताचा हात पात्याकडे गेला नाही.

"बसवंत, तोड."

आता अवधूतही ओरडत होता, मागचे दोघं ओरडत होते, नरसिंहराव हॉर्न दाबत होते. मी त्यांच्या कानात ओरडलो, "त्याला ऐकू येत नाही." हॉर्नमध्ये ते कुणाच्या कानावर गेलं, कुणास ठाऊक. आणि त्याच वेळी मला दिसलं की बसवंताचं पुढचं चाक आधीच मातीत उतरलं होतं. त्याचं बोट दोऱ्यावर होतं; दोरा सैल पडल्याबरोबर त्याने हँडल वळवलं होतं, अवधूतच्या बरोबरीनं, आणि त्याच्या पाठीवर नजर ठेवून मागचे दोघंही. पाच सायकली एका ओळीत उतरंडीवर गेल्या, एकमेकांना घासत थांबल्या. लॉरीचं मागचं चाक अवधूतच्या हँडलपासून वीतभर अंतरावरून गेलं. धूळ बसली तेव्हा दोरा अखंड होता.

गुरुराज मागे वळून म्हणाला, "दोनदा ओरडलो मी. का कापला नाहीस?"

बसवंत त्याच्या ओठांकडे बघत होता.

नरसिंहराव स्कूटर लावून आले. त्यांचा चेहरा उजळला होता. "अरे, कापला असता तर मागचे हे दोघं गडबडून पडले असते लॉरीखाली. त्याने अंदाज घेतला. थंड डोक्याचा माणूस आहे. हो ना, बसवंत?"

हे शेवटचं ते त्याच्या डाव्या बाजूने, जवळ उभं राहून म्हणाले. त्याला ऐकू आलं. मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. फक्त मान हलवायची होती. मान हलली की लेथ राहणार होता, वर कौतुकही. मी मनातल्या मनात त्याची मान हलवत होतो.

बसवंताने हँडलवरून पातं उपसलं आणि अवधूतपुढे धरलं.

"हे तू ठेव. मला ऐकू आलं न्हाई, मालक. दोनदा काय, धा येळा वरडला असता तरी आलं नसतं. यंदाचं न्हाई, लई दिवसांचं हाय."

नरसिंहराव माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझा घसा बसला होता," मी म्हणालो. ते हसले नाहीत.

"उद्यापासून लेथवर नाही," ते बसवंताला म्हणाले. शब्द सावकाश, ओठ दिसतील असे. "आधी कान तपासून ये. कानाचं यंत्र लागलं तर लाव. आणि डॉक्टर हो म्हणाला तर तुझा लेथ तुला. तोवर त्याच्यावर ताडपत्री टाकून ठेवतो, दुसरा कुणी उभा राहणार नाही. सरी का?"

"सरी," बसवंत म्हणाला.

उरलेली फेरी त्यांनी पुरी केली. किल्ला दिसायला लागला तेव्हा एक शेळी अवधूत आणि बसवंताच्या मधून गेली आणि दोरा गळ्यात घालून पळाली. त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. गुरुराजने परसूला शिव्या दिल्या, तो सगळ्यांत मागे असताना.

बसवंत दोन महिने पॅकिंगला होता. ठकुबाई माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही, मी काही सांगितलं नसताना. मी सांगितलं नाही यावर तिचा विश्वासच बसेना. दुपारच्या सुट्टीत बसवंत ताडपत्री वर करून लेथला तेल घालायचा आणि परत झाकायचा. मग यंत्र आलं : खिशात काडेपेटीएवढी डबी, तिच्यातून कानापर्यंत वायर. डॉक्टरचा कागद घेऊन तो नरसिंहरावांपुढे उभा राहिला. त्यांनी मागे जाऊन हळू आवाजात त्याला नावाने हाक मारली. तो वळला.

त्या दिवशी घरी आला तो डबी बंद करूनच. "कसा होता लेथ?" मी विचारलं, हातवारे करून.

"लई वरडतोय की वो," बसवंत म्हणाला. "उद्या आधी त्याचं बेअरिंग बघतो."