आईच्या पायाबद्दल आईला

डॉक्टर आईसमोरच म्हणाले, "काटना पड़ेगा." शुगरमुळे आईचा उजवा पाय चिघळला होता. पुढचं बोलणं आम्ही खोलीबाहेर केलं, आईला त्रास नको म्हणून. दोन बोटं काढायची होती. लगेच मी कामाला लागले. दवाखाना, बँक, वकील अशा वेगवेगळ्या याद्या केल्या आणि नवा रायपूरच्या ऑफिसातून घरी येता येता निम्मे फोन गाडीतच उरकले.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आईची हिंदी ओठांवर येईनाशी झाली होती. चौबे कॉलनीतल्या भाजीवाल्यांना जिनं याच हिंदीत नामोहरम केलं, तिच्याकडे आता फक्त माहेरची वऱ्हाडी उरली होती, तीही थांबत थांबत. कोणी काही विचारलं की ती शब्द शोधायची. तिला तो सापडण्याआधी मी उत्तर देऊन मोकळी व्हायची. वर सांगायची, "इनको अब समझता नहीं, आप मुझे बताइए." तिच्या देखत.

त्या आठवड्यात ती संध्याकाळी गुडघा धरून बसायची. सारखी कुरवाळायची. मी यादीत लिहिलं, 'गुडघा, मलम'. मलम आणलं, तिच्या गुडघ्याला लावलं आणि यादीतल्या त्या ओळीवर काट मारली.

मुखत्यारपत्र करायला तिला वकीलबाईंकडे नेलं. टेबलावर आधार, फोटो, स्टॅम्पपेपर ओळीनं मांडले आणि म्हणाले, "बैंक, पेंशन, ऑपरेशन, सबका अधिकार मेरे नाम कर दीजिए. इनको कुछ समझता नहीं, अंगूठा मैं लगवा लूँगी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दीदी, समझती नहीं हैं तो यह कागज़ बन ही नहीं सकता. और समझती हैं, तो ऑपरेशन का इन्हीं से पूछना पड़ेगा. क्या लिखूँ?"

मी स्टॅम्पपेपर त्यांच्याकडे सरकवला. त्या खुर्ची ओढून आईसमोर बसल्या. "अम्मा, बेटी को अपनी जगह दस्तखत का हक देना है?"

मी तोंड उघडलं, तर बाईंनी न बघताच मला हात दाखवला. चहा आला. त्यावर साय धरली. आई ओठ हलवत राहिली.

"बँकेचं देते तिले," आई म्हणाली. "मले खेटे जमत नाही आता." मग बऱ्याच वेळानं, "पायाचं नाही देत. पाय माहा हाय."

मी हिंदीत सांगितलं. बाईंनी विचारलं, "तो ऑपरेशन नहीं कराना?"

"कराचं न. पण कुठून कापून राहिले, ते सांगा ना कोणी." तिचा हात गुडघ्यावर गेला. "इथून ना?"

सगळं तिला समजत होतं. 'इनको समझता नहीं' हेही.

"आई, दोन बोटं," मी म्हणाले. "फक्त दोन बोटं गं."

आईनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग मलम काहून लावून राहिली होती गुडघ्याले?"

वकीलबाई याचं भाषांतर ऐकायला थांबल्या होत्या. मी टेबलावरचे फोटो उगाच सरळ करत राहिले. गुडघा दुखतो का, एवढंही मी तिला विचारलं नव्हतं.

मुखत्यारपत्र बँकेपुरतं आणि पेन्शनपुरतं झालं. पायासाठी आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सवयीनं माझ्याकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली. मी म्हटलं, "इनसे कहिए. जवाब मराठी में आएगा, मैं बता दूँगी. थोड़ा रुकना पड़ेगा."

डॉक्टरांनी आईला बोटं दाखवून सगळं समजावलं आणि विचारलं, "ठीक है अम्मा?"

आई शब्द शोधू लागली. बाहेर नर्स पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होती. मी हात मांडीवर ठेवून बसले.

"चप्पल राहीन ना पायात?" आईनं विचारलं.

याचं उत्तर मला ठाऊक होतं. तरी मी तिचा प्रश्न जसाच्या तसा डॉक्टरांना सांगितला. ते कागदावर पायाचं चित्र काढायला लागले. तेवढ्यात आई माझ्याकडे वळून म्हणाली, "आज घाई नाही वाटते तुले."