नोव्हेंबरात साकुरा

आम्ही कारखान्यातली माणसं सहा महिने पुढे जगतो. बाहेर पानं पिवळी पडत असतात आणि आम्ही वसंतात फुलणाऱ्या साकुराच्या, म्हणजे चेरीच्या, चवीच्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या चाखत बसतो. वसंतात दोन महिने विकायच्या, मग वर्षभर दुकानात दिसायच्या नाहीत.

चिझुरू माझ्या हाताखाली मसाला मिसळायची. मी कितीही डाफरले तरी "हो, मिचियोबाई," एवढंच. तिची आई तोकिए वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकले होते, पण म्हातारी चिवट! "एप्रिलात वाकाना पहिलीत जाईल. नातीचा प्रवेश-समारंभ बघितल्याशिवाय मी कुठ्ठे जायची नाही," म्हणायची. तारीख-वार विसरली होती, ऋतू मात्र जिभेला पाठ होते.

नोव्हेंबरात तिने खाणं टाकलं. चिझुरू रडकुंडीला आली. आमच्यात म्हणतात, हंगामातलं पहिलं काही पूर्वेकडे तोंड करून हसत खाल्लं की आयुष्य पंचाहत्तर दिवसांनी वाढतं. या वेडीने नमुन्याच्या मूठभर चकत्या रुमालात बांधल्या. पकडली असती तर नोकरीच गेली असती. मी बघितलं आणि मान फिरवली.

म्हातारीने तुकडा जिभेवर ठेवला. खारवलेल्या साकुराच्या पानाची चव लागली. हसायचं राहिलं, डोळेच भरले.

"वसंत आला? मग समारंभ झाला असेल. मला टाकून गेलात ना गं?"

"नाही गं आई, अजून नोव्हेंबर आहे."

"मला बनवतेस होय? माझी जीभ अजून शाबूत आहे!"

तिने भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस कुणी समोर धरलेलं पाणीही धड घेईना.

शेवटी चिझुरू म्हणाली, "आई, समारंभ आजच आहे." दप्तर उन्हाळ्यातच घेऊन ठेवलेलं. वाकाना नव्या कपड्यांत, पाठीवर लाल दप्तर घेऊन खोलीत आली. चिझुरूने बाईंसारखं तिचं नाव पुकारताच "हजर!" म्हणून ओरडली. शेजारच्या खाटांवरच्या आज्यांनी टाळ्या पिटल्या. तोकिए वाटीभर सूप प्यायली.

"बघितलं बाई," ती म्हणाली. "झालं माझं."

तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

आठवड्याने चिझुरू कामावर आली. मसाल्याचं पातेलं ढवळता ढवळता थांबली.

"मिचियोबाई, मी ते खायला नेलं नसतं, तर आई एप्रिलपर्यंत थांबली असती का हो?"

"काहीतरीच बोलू नकोस. वय झालं होतं त्यांचं."

खोटं बोलले. थांबली असती.