दहाबोटे मिस्त्री

दहाबोटे मिस्त्री मशीनला भीत असत आणि हे सांगायला त्यांना कधी लाज वाटली नाही. सागवानाची अख्खी फळी एकट्याने खांद्यावर टाकणारा हा धिप्पाड माणूस बटणाजवळ गेला की हळू बोलायला लागे. ‘दहाबोटे’ हे त्यांचं आडनाव नव्हे. सीताबर्डीच्या मागच्या आमच्या गल्लीत लाकूडकामाची पाच-सहा दुकानं होती आणि तिथल्या बहुतेक जुन्या मिस्त्रींचं एखादं तरी बोट करवतीने नेलेलं होतं. यांची मात्र सगळी शाबूत, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं. पुढे पोस्टमनही याच नावाने त्यांना विचारत यायचा.

आमच्याकडे कुबड्या तयार होत. बाबा त्याला कारखाना म्हणत, ते त्यांच्या समाधानासाठी. होती एक लांबट पत्र्याची शेड. रामदासपेठेतल्या दवाखान्यांतून मागणी येई. मिस्त्रींचा तिथला नियम सगळ्यांना पाठ होता. कुठलंही मशीन लावण्याआधी ते मोठ्याने विचारत, “चालू करू काय?” आणि शेडमध्ये जेवढे असतील तेवढ्यांनी “करा” म्हटल्याशिवाय त्यांचा हात बटणाला लागत नसे. एकजण जरी गप्प राहिला तरी ते पुन्हा विचारत. शेजारचे लोक हसायचे, मीही हसायची.

माझं हसू थांबलं त्या दिवशी मिस्त्री नरखेडकडे आपल्या गावी गेले होते. बाबा एकटेच पट्टा-करवतीवर काम करत होते. मी डबा घेऊन दारात पोचले आणि बाबांनी उजवा हात छातीशी घट्ट धरलेला पाहिला. तीन बोटं गेली. बाबा वाचले, पण त्यांच्या हाताला पुन्हा काही धरवलं नाही. घरात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा शेड माझ्याकडे आली. मोटर सुरू झाल्याचा आवाज आला की माझे हात गार पडत. लुगड्याला पुसले तरी ओलेच.

त्या अवस्थेत मला नवीन मशीन घ्यावं लागलं, ही काय नशिबाची थट्टा! कुबडीच्या वरच्या आडव्या लाकडाला आतून एक बाक असतो, तो काखेत बसतो. तो आम्ही काठीला पॉलिश पेपर गुंडाळून हाताने घासत होतो. मागणी वाढली, घाई झाली, बाक खरबरीत राहू लागला. एका बाईंनी आपल्या पोलिओ झालेल्या मुलीचा हात वर करून मला काख दाखवली. कातडी सोलून निघाली होती. त्यानंतर मशीन नको म्हणायची माझी सोय राहिली नाही.

जुन्या मशिनांच्या गोदामात दोन स्पिंडल सँडर होते. लोखंडी टेबलाच्या मधोमध एक उभा रूळ, त्यावर पॉलिश पेपरची नळी चढवलेली. रूळ फिरतो आणि लाकडाचा बाक त्याला टेकवून घासायचा. एक मशीन मोठं, नव्या हिरव्या रंगाचं, दुसरं जुनाट. मी हिरव्याकडे गेले. मिस्त्रींनी ते लावायला सांगितलं आणि लगेच बंद करायला सांगितलं. बंद केल्यावरही त्याचा रूळ कितीतरी वेळ बिनआवाज फिरत राहिला. तो पुरता थांबल्यावर मिस्त्रींनी रूळ आणि टेबल यांच्या फटीत करंगळी घालून पाहिली. ती आत गेली तशी त्यांनी चटका बसल्यासारखी मागे घेतली.

“हे नोको वं ताई. चालते कशी ते सारेच पायतात. थांबते कशी ते पाय.”

जुनाट मशीन बटण बंद करताच थांबलं. फटही बारीक होती. तेच आम्ही आणलं. मोठ्या बाकाला जाड रूळ, लहान बाकाला बारीक रूळ, असे तीन रूळ त्यासोबत आले.

मिस्त्रींनी शिकवायला सुरुवात केली ती बांगड्या काढण्यापासून. पदर खोचलेला, वेणी गुंडाळलेली. मी हातमोजे घेऊन आले तर ते माझ्या हातातून काढून घेतले. “मशीन मोज्याले धरते, अन् हात मोज्यात रायते,” म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. लाकूड रूळ फिरतो त्याच्या उलट दिशेने सरकवायचं, नाहीतर ते हातातून हिसकून घेतं. एका जागी थांबायचं नाही, लाकूड जळतं. लाइट गेली की आधी बटण बंद, घाम नंतर पुसायचा. कारण लाइट परत येते तेव्हा विचारून येत नाही. हे सगळं त्यांनी बजावून सांगितलं.

रोज सकाळी ते मला विचारत, “भेव वाटते काय?”

“वाटते.”

“मंग ये.”

एकदा मी ऐटीत म्हटलं, “आज नाही वाटत.” त्यांनी माझ्यापुढे पॉलिशचा डबा ठेवला. दिवसभर मी पॉलिश लावत बसले, मशीनला त्यांनी हात लावू दिला नाही. मालकीण मी होते, पण हे त्यांना कोण सांगणार?

अशी काही वर्षं गेली. एका दुपारी मी रुळावरची झिजलेली नळी बदलत होते. मिस्त्रींकडे पाठ, दोन्ही हात रुळाभोवती. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “चालू करू काय?”

“थांबा!” मी ओरडले.

मशीन सुरू झालं.

सैल नळी फडफडली, माझी बोटं तिच्यासोबत ओढली गेली. मी किंचाळले की नाही, आठवत नाही. बाबांची छातीशी धरलेली मूठ मात्र डोळ्यांपुढे आली. माझं अंग आखडलेलं पाहून मिस्त्रींनी बटण बंद केलं, आणि रूळ तिथल्या तिथे थांबला. हिरवं मशीन असतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही मी पुरता करत नाही. दोन बोटांची साल गेली, एक नख उपटलं. बोटं राहिली.

मिस्त्री जमिनीवर बसले होते. “मी थांबा म्हणाले होते ना!” मी रडत म्हणाले. ते माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होते. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि साध्या आवाजात हाक मारली, “मिस्त्रीकाका.” त्यांनी मान वळवली नाही.

वर्ष-दीड वर्षापासून त्यांचे कान जात होते. ते विचारत, आमच्या माना हलताना बघत आणि बटण दाबत. ओरडताना माझी मान हलली, तोच त्यांनी पाठीमागून होकार धरला होता. मी पुढे येऊन बसले तेव्हा म्हणाले, “साऱ्या भेवाचं सांगत आलो तुले. ह्याच भेवाचं नाई सांगतलं. तुमी घरी बसवान, वाटलं मले.” तेवढं बोलून ते उठले, खुंटीवरचा सदरा घातला आणि दाराकडे निघाले. मी दार अडवून उभी राहिले. मला त्यांचा राग आला होता, भयंकर राग, पण त्यांच्याशिवाय त्या शेडमध्ये उभं राहायची कल्पना त्याहून भयंकर होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. “आता बटन तुह्याजोळ. लाकूड मी धरतो.”

म्हणजे त्यांचे हात रुळाजवळ आणि बटणावर माझं बोट. याआधी मी फक्त माझ्या हातांसाठी भीत होते. आता त्यांच्या समोर उभी राहून, चेहऱ्यासमोर चेहरा आणून मी विचारायची, “चालू करू काय?” ते माझे ओठ वाचत आणि म्हणत, “कर वं ताई.” कितीही वर्षं गेली तरी बटण दाबतानाची माझी भीती गेली नाही, आणि त्यांनी एकदाही माझ्या बोटाकडे वळून पाहिलं नाही.

हात थरथरू लागले तसे ते स्वतःहून गावी गेले. संत्र्याच्या दिवसांत कोणाबरोबर तरी पिशवी पाठवत. एका वर्षी पिशवीऐवजी निरोप आला. मी पहिल्या एसटीने गेले. अंगणात त्यांना ठेवलं होतं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं त्रिसरण म्हणत होती. मी मेणबत्ती लावली आणि त्यांच्या सुनेला म्हटलं, चादर जरा बाजूला कर. तिला वाटलं मला पाया पडायचं आहे. मी त्यांचे हात बघितले. एकेक बोट धरून मोजलं. दहा होती.

दुसऱ्या दिवशी शेड उघडली. कुबड्यांचे बाक घासायचे पडले होते. बटणापाशी गेले आणि सवयीने विचारलं, “चालू करू काय?” मोटर, रूळ, फट, सगळं समोर होतं. हात कोरडे होते. मला अजिबात भीती वाटत नव्हती.

मी मागे फिरले आणि पॉलिशचा डबा उघडला.